हजेरीपट

वही माझ्याकडे आली बिस्किटांच्या डब्यातून,
कोपरे खाऱ्या हवेने फुगलेले,
पुठ्ठ्याला अजून सीलच्या तेलाचा वास.
पहिल्या पानावर ट्रायफीना नोझवर्दीचं अक्षर,
उजवीकडे कललेलं, वाऱ्याच्या उलट निघालेल्या माणसासारखं:
रविवारची शाळा. गल टिकल, न्यूफाउंडलंड. १८७१.
मुलं अकरा. पुस्तकं दोन. चूल नाही.

पाळकसाहेब वर्षातून दोनदा यायचे, बोटीने,
तेही बर्फाने वाट दिली तर.
बाकीचे पन्नास रविवार हिचे.
सेंट जॉन्समध्ये कुणाच्या घरी भांडी घासताना
मालकिणीच्या मुलांची उजळणी कानावर पडली होती,
तेवढ्या भांडवलावर हिने शाळा काढली.

नियम एकच: खाडा झाला तर
पुढच्या रविवारी उभं राहून कारण सांगायचं.
ती लिहून घ्यायची, जसंच्या तसं.

कझाया: मासे वाळत होते, पाऊस येईलसं वाटलं.
थिओफिलस: बूट आज भावाचे होते.
कझाया: मासे.
कझाया: मासे.
लव्हिनिया: आई बाळंत झाली. मुलगा. ओरडतो फार.

एकदा माशाच्या पोटात तीन दिवस राहिलेल्या
त्या माणसाची गोष्ट चालली होती.
जेबेझ राइडआउटने हात वर केला:
आणि मासा शेवटी कुणाच्या खात्यावर जमा झाला?
समासात बारीक अक्षरात: हसू आवरलं नाही. देव क्षमा करो.

हाच जेबेझ, बारा वर्षांचा,
हंगाम संपल्यावर बापाबरोबर लेड्रूंच्या पेढीवर गेला.
बाप अंगठा उठवायला वाकला,
आणि पोरगं फळीपलीकडची खतावणी
उलटी वाचत म्हणालं,
मीठ दोनदा लिहिलंय.

दुकानात म्हणे इतकं शांत झालं
की काकवीचं पिंप ठिबकताना ऐकू आलं.

लेड्रू देवळाचे विश्वस्तही होते. पहिल्या बाकावर बसत.
त्यांचं म्हणणं एवढंच:
मुलांना गोष्टी सांगा, गाणी शिकवा,
अक्षरांची दगदग कशाला?
आणि दिव्याचं तेल पाठवायचं ते विसरू लागले.
त्या डिसेंबरची नोंद:
तेल नाही. खिडकीशी सरकून बसलो.
आज सगळ्यांनी आपापलं नाव काढलं.

मग घटसर्पाचा हिवाळा. ही पानं मी भरभर उलटते.
तिने नावं खोडली नाहीत.
चार नावांपुढचे चौकोन कोरे, थेट वर्षअखेरपर्यंत,
आणि कारणाच्या रकान्यात काही नाही.
उभं राहून सांगायला कुणी आलं नव्हतं.

कागद बदलत जातो, शाई निळी होते,
ट्रायफीनाच्या जागी तिची भाची,
मग भाचीची सून ऊना.
एका पानावर मुलं बावन्न, नवी चूल, बाजाच्या पेटीसाठी वर्गणी.
पुढे कुणी लढाईवर, कुणी टोरांटोला,
मासेही म्हणे कमी झाले.
शेवटच्या पानावर नावं तीन. तिसरं माझं.

त्या उन्हाळ्यात सरकारने माणशी पैसे मोजले,
गाव हलवा म्हणाले.
आमचं घर रिकाम्या पिंपांवर तरंगवत
खाडीपार ओढत नेलं,
आईने पडदेसुद्धा काढले नव्हते.
शाळा तिथेच राहिली. ती देवळाची होती,
आणि देवळाने अर्ज भरला नव्हता.

ऊनाने सवयीने
पुढच्या रविवारची तारीख आधीच घालून ठेवली होती.
तीन चौकोन, पट्टीने आखलेले.

कधी कधी पेन्सिल घेऊन बसते.
मग आठवतं, कारण आपण लिहायचं नसतं.
खुर्ची मागे सारून
मी स्वयंपाकघरात उभी राहते.